डांबराखाली गेलेल्या जाळ्या वर घेताना: पेठेतल्या एका रस्त्याचा अनुभव

रस्त्यावर नवं डांबर पडलं की जाळ्यांचं काम झालंय की राहिलंय, हे पहिल्या वळवातच कळतं. जाळी खड्ड्यात राहिली असेल तर दुचाकीचं चाक आपटतं. ती नको तितकी वर घेतली असेल तर पाणी तिला वळसा घालून पुढे जातं आणि उताराच्या शेवटच्या घरात शिरतं. मी रस्ते-गटारांच्या कामावर साइट इंजिनिअर म्हणून उभा असतो. कोल्हापूरच्या जुन्या पेठेतल्या एका रस्त्याच्या डांबरीकरणानंतर पावसाळी पाण्याच्या जाळ्या वर घ्यायचं काम आमच्या टीमकडे होतं. ते कसं केलं, मापं काय ठेवली आणि अशी कामं कुठे बिघडतात, ते इथे लिहितोय.

आधी मुख्य मुद्दा. ड्रेनेजच्या मॅनहोलचं झाकण आणि पावसाळी पाण्याची जाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कामाच्या यादीत दोन्ही बहुतेकदा एकाच ओळीत येतात: ‘चेंबर रस्त्याच्या लेव्हलला उचलणे’. झाकणाला ही ओळ बरोबर आहे. ते रस्त्याला मिळतं हवं, फार तर ५ मिमी खाली चालेल, वर नको. जाळी मात्र रस्त्याच्या २० मिमी खाली हवी आणि तिच्या भोवतीचं डांबर तिच्याकडे उतरतं हवं. जाळी रस्त्याच्या अगदी बरोबरीला बसवली, तर वाहतं पाणी तिच्या कडेकडेने निघून जातं. दिसायला काम सुबक असतं, पण पाण्याला त्याचा उपयोग नसतो. म्हणून कामाच्या वर्णनात जाळी आणि झाकण वेगळे लिहून घ्यावेत आणि उंचीही लिहावी: १०० मिमीपर्यंत, २०० मिमीपर्यंत, असे टप्पे. नुसतं ‘नग’ लिहिलं की ४० मिमी उचललेली आणि १८० मिमी उचललेली जाळी बिलात सारखीच होते. मग जास्त उंचीच्या जाळीखाली कमी माल जातो.

या रस्त्यावर खाली ५० मिमी डीबीएम (जाड खडीचा खालचा डांबरी थर) आणि वर ४० मिमी बीसी (बारीक खडीचा वरचा डांबरी थर) पडणार होतं, म्हणजे एकूण ९० मिमी. खरं तर पेठेत जुना थर मिलिंग मशीनने खरवडून काढल्याशिवाय नवा टाकूच नये, हे माझं ठाम मत आहे. ४० खरवडून ४० टाकले तर जाळ्यांना हात लावावा लागत नाही. पेठेतली घरं थेट रस्त्याला लागून आहेत, जोती जुनी आहेत. थरावर थर चढवले की रस्ता वर येतो आणि उंबरा खाली जातो. काम चालू असताना एक आजी दारात येऊन म्हणाल्या, “साहेब, जाळी उचलतायसा, पण पाणी आमच्या सोप्यात येणार न्हवं?” प्रश्न अगदी नेमका होता. जाळी वर घेतल्याने पाण्याची पातळीही तेवढीच वर येते. म्हणून जिथे उंबरा नव्या रस्त्यापासून १५० मिमीपेक्षा कमी उंच राहणार होता, तिथे आम्ही डीबीएमचा थर कडेला उतरता घेतला आणि जाळी कमी उचलली.

डांबर पडायच्या आधीचं काम लोक टाळतात आणि नंतर चेंबर शोधत बसतात. प्रत्येक जाळीला नंबर द्यायचा. दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे घराचा कोपरा, विजेचा खांब, कर्बचा म्हणजे रस्त्याकडेच्या दगडी काठाचा सांधा अशांपासून, टेपने अंतर घ्यायचं आणि ते वहीत मांडायचं. नंबर आणि अंतर कर्बवर पिवळ्या ऑइलपेंटनेही लिहायचं. एकाच खुणेवरून घेतलेलं माप नंतर फसवतं, कारण दिशा कळत नाही. पेव्हर (डांबर पसरायचं मशीन) यायच्या आधी प्रत्येक जाळीवर जाड पत्रा ठेवायचा. प्लॅस्टिक ठेवू नका, १४० अंशांचा माल त्याला वितळवून जाळीच्या गाळ्यांत उतरतो. पत्र्याला खालून जुन्या जाळीचाच आधार असतो, त्यामुळे रोलर वरून गेला तरी चालतं.

जाळ्या डांबर टाकायच्या आधीच वर घेऊन ठेवायची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. पेव्हरचा स्क्रीड (माल सपाट करणारी पट्टी) जाळीच्या फ्रेमवर अडतो, रोलर फ्रेमच्या कडेपासून हातभर लांब राहतो आणि तेवढी पट्टी कच्ची दबते. वर्षभरात तिथेच खडी सुटते. डांबर आधी टाकून मग कापणं जास्त मेहनतीचं आहे, पण लेव्हल प्रत्यक्ष तयार झालेल्या रस्त्यावरून मिळते. यात एकच काळजी घ्यायची. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरला वळीव कधीही गाठतो, त्यामुळे थर पडला त्याच संध्याकाळी प्रत्येक जाळीवर निदान हातभर भोक मोकळं करून भोवती बॅरिकेड लावायचं. पूर्ण काम सवडीने झालं तरी चालेल, पण पाण्याची वाट बंद ठेवून घरी जायचं नाही.

आता एका जाळीचं माप. जाळीखालच्या चेंबरचं आतलं तोंड ४५० × ४५० मिमी, फ्रेम बाहेरून ६०० × ६०० आणि १०० मिमी खोल, एक बाजू कर्बला चिकटलेली. आम्ही कर्बच्या दिशेने १२०० मिमी आणि रस्त्याकडे ९०० मिमी असा चौकोन आखला, म्हणजे फ्रेमच्या तिन्ही मोकळ्या बाजूंना ३०० मिमी जागा मिळते. ३०० मिमीत २० मिमी उतार म्हणजे सुमारे १५ला १. पाण्याला तो पुरतो आणि सायकलवाल्याला दचका बसत नाही. आखलेल्या रेषेवर डायमंड कटरने पूर्ण ९० मिमी खोल कापायचं आणि मग ब्रेकर आतून बाहेर चालवायचा. कटर न लावता थेट ब्रेकर लावला की कडा फुटते, नव्या डांबरात भेगा जातात आणि पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं.

फोडायच्या आधी जाळी काढून चेंबरात पोतं ताणून बांधायचं, नाहीतर सगळा मलबा पाइपच्या तोंडात जातो. जुनी फ्रेम पहारीने दोन कोपऱ्यांत आलटून पालटून सैल करायची. तिच्यावर घण मारायचा नाही, बिडाची फ्रेम तडकते आणि तडा धुळीत दिसतही नाही. फ्रेम निघाल्यावर चेंबरच्या भिंतीचा सैल माल, फुटक्या विटा, जुना मसाला (विटा जोडणारा माल) काढत पक्क्या भागापर्यंत जायचं. ब्रशने घासून, धुऊन, ओलं करून सोडायचं.

इथून पुढे गवंड्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. ९० मिमी रस्ता वर आला, जाळी २० मिमी खाली हवी, म्हणजे फ्रेम ७० मिमी उचलायची. ७० मिमीत अख्खी वीट मसाल्यासकट बसत नाही. मग गवंडी विटेचे तुकडे, फरशीच्या चिपा, खडी घालून फ्रेम टेकवतो आणि वरून मसाला सारवतो. वरून काम चांगलं दिसतं, पण फ्रेम चार चिपांवर उभी असते. ट्रकचं चाक गेलं की सगळा भार त्या चार बिंदूंवर येतो, मसाल्याचा भुगा होतो आणि जाळी खडखडायला लागते. ती खडखड ऐकू आली की समजायचं, खाली पोकळी झाली आहे. म्हणून कमी उंचीला वीट नकोच, पूर्ण काँक्रीट घालायचं. दीडशे मिमीच्या वर गेलं तर विटांचा थर चालतो, पण तोही १:३ (सिमेंट:वाळू) मसाल्यात आणि वरचा फ्रेमखालचा भाग काँक्रीटचाच.

काँक्रीट एम-४० (मजबुतीचा दर्जा) धरलं. या मापाच्या एका जाळीला साधारण ०.१०५ घनमीटर लागतं, म्हणजे वाया जाणारं धरून एक पोतं सिमेंट. पन्नास किलोच्या पोत्याला क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू) सुमारे ८५ किलो, १० आणि २० मिमी खडी मिळून १५० किलो आणि पाणी २० लिटर. वाळू ओली असेल तर तेवढं पाणी कमी करायचं. माल कोरडा वाटतो म्हणून गवंडी हमखास वर अर्धी बादली ओततो. त्याऐवजी प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालावा. सळी ८ मिमीची, फ्रेमच्या तीन बाजूंनी ‘यू’ आकारात, दोन वेढे, मिळून साडेपाच मीटर म्हणजे दोन किलोच्या आसपास. आतल्या बाजूला ४५० × ४५० ची प्लायची पेटी पाचर मारून उभी करायची, म्हणजे काँक्रीट चेंबरात घसरत नाही आणि आत ओठ राहत नाही. तसा ओठ राहिला की त्यावर पालापाचोळा अडकतो.

लेव्हल घेताना पाणसळ पिशवीतच ठेवा. गवंड्याच्या हाताला फ्रेम ‘लेव्हल’ बसवायची सवय असते, पण रस्ता लेव्हल नसतो. अडीच टक्के कॅम्बर (रस्त्याचा आडवा उतार) असेल तर ६०० मिमीच्या फ्रेमच्या दोन कडांत १५ मिमीचा फरक येतो. पाणसळीने बसवलेली फ्रेम त्यामुळे एका बाजूला बाहेर येते आणि नेमक्या त्याच बाजूने पाणी अडवते. आम्ही दोरी लावतो. कर्बच्या अंगावर नव्या रस्त्याची रेघ मारायची, चौकोनाच्या बाहेर पक्क्या डांबरात खिळे ठोकायचे आणि फ्रेमवरून दोन दोऱ्या रस्त्याच्या लांबीत, दोन आडव्या अशा ताणायच्या. २० मिमी जाडीचा सागवानी ठोकळा घ्यायचा. चारही कोपऱ्यांवर ठोकळा दोरीखालून घासून जायला हवा: अडकला तर फ्रेम वर आहे, दोरी आणि ठोकळ्यात उजेड दिसला तर खाली.

फ्रेम टेकवायची ती ओल्या, घट्ट काँक्रीटवर, ५ मिमी जास्त उंचीला. मग लाकडी हातोड्याने ठोकत ती खाली बसवायची, म्हणजे तळाला कुठेही हवा राहत नाही. भोवतीने काँक्रीट फ्रेमच्या वरच्या कडेपासून ४० मिमी खालपर्यंत भरायचं आणि पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा. ओलं पोतं सात दिवस. तीन दिवस गाडी चढू द्यायची नाही, सावकाश घट्ट होणारं पीपीसी सिमेंट असेल तर त्याहून थोडं जास्त. रस्ता बंद ठेवणं शक्यच नसेल तिथे लवकर घट्ट होणारा दुरुस्तीचा मसाला वापरावा. महाग पडतो, पण काही तासांत वाहतूक घेता येते.

वरचे ४० मिमी बीसीचे. एका जाळीला सत्तर किलोच्या आसपास माल लागतो. एवढ्याशा मालासाठी डांबराचा प्लँट चालत नाही आणि थोडा माल लगेच थंड होतो, म्हणून सगळ्या जाळ्यांची काँक्रीटं आधी उरकून एकाच टेम्पोत ताडपत्री झाकून माल आणायचा. काँक्रीटवर आणि कापलेल्या उभ्या कडांवर इमल्शनचा टॅक कोट (पातळ डांबराचा चिकटवणारा थर), एका जाळीला पाव किलो पुरतो. तो तपकिरीचा काळा झाल्यावरच माल टाकायचा. सैल माल ५० मिमी पसरायचा, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबला की ४० होतो. आकार परातीसारखा: बाहेरची कड भोवतीच्या डांबराला मिळती, आतली कड फ्रेमच्या ३ मिमी वर, कारण चाकांनी ती थोडी आणखी दबते. शेवटी सांध्यावर गरम डांबराची धार.

थर फक्त ४० मिमीचा असेल आणि जुनी फ्रेम घट्ट असेल, तर तोडफोड न करता फ्रेमच्या खाचेत बसणारी लोखंडी रिंग चालते. कोल्हापूरच्या शिरोली, उद्यमनगरच्या फाउंड्रीत मापाने ओतून मिळते. डक्टाइल आयर्नची (कमी ठिसूळ बिडाची) मागा, साध्या बिडाची पातळ रिंग आपटून तुटते. माप मात्र चारही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांनी घ्या, कारण जुन्या फ्रेम क्वचितच काटकोनात असतात. ४० चा थर आणि २० खाली, म्हणजे रिंग २० मिमीचीच. इथे ४० ची मागवून जाळी सपाटीला आणणारे पुष्कळ आहेत.

नवी जाळी घ्यायची असेल तर आयएस १७२६ या भारतीय मानकातल्या झाकणांच्या वर्गांचा अंदाज डोक्यात ठेवा: एलडी (हलका भार) अडीच टन, एमडी (मध्यम) १०, एचडी (जड) २०, ईएचडी (अतिजड) ३५. रस्त्यावर एचडीच्या खाली नको. गज वाहतुकीला आडवे हवेत, उभ्या गजांत सायकलचं चाक अडकतं. जाळी बिजागरीची किंवा साखळीने फ्रेमला बांधलेली घ्या, सुटी बिडाची जाळी भंगारात जाते.

काही ठिकाणी जाळी नसून कर्बमध्ये आडवं तोंड असतं. त्याला उचलायला काही नसतं आणि म्हणूनच ते विसरलं जातं. १५० मिमीचं तोंड ९० मिमीच्या थरानंतर ६० मिमी उरतं, एक नारळाची करवंटी ते बंद करते. तिथे तोंडासमोर मीटरभर लांबीत थर खरवडून उतार द्यावा किंवा कर्बचा दगड बदलावा.

काम संपलं की पोतं काढून चेंबर रिकामं करायचं, आणि तेही वरून, बकेट किंवा सक्शन गाडीने. पेठेत पावसाळी चेंबरात सांडपाणीही मिसळलेलं असतं, आत वायू साठतो. माणूस आत उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय तसं करणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग चढाच्या बाजूला दोन-तीन मीटरवर २० लिटरचे दोन कॅन एकदम ओतायचे. पाणी जाळीत वळायला हवं आणि चेंबरातलं पाणी लगेच उतरायला हवं. जाळीत गेलं पण उतरलं नाही, तर जोडपाइप तुंबलाय आणि वरचं सगळं काम त्यावर अवलंबून आहे.

पंचगंगेच्या पुराचं पाणी मात्र वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नदी चढली की शहरातल्या जयंती नाल्यातून पाणी मागे दाबतं आणि सखल भागातल्या जाळ्यांमधून उलटं वर येतं. त्याला जाळीची उंची हा उपाय नाही, नाल्याच्या तोंडाशी झडप लागते. रहिवाशांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिला जोराचा पाऊस पडल्यावर आम्ही वही घेऊन पुन्हा फिरतो. जाळीवर पाय ठेवून डुलते का बघतो, तीन मीटरची पट्टी आडवी टाकून खोली मोजतो. २० चे ३० झाले असतील तर फ्रेम बसली आहे, ती दोषदायित्वाच्या (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या) मुदतीतच उघडून खाली काँक्रीट भरून घ्यावी. नंबरांची यादी आणि जागांचा नकाशा विभागीय कार्यालयात आणि त्या भागाच्या मुकादमाकडे देतो, म्हणजे मृगाच्या आधी कुठल्या जाळ्या साफ करायच्या ते त्यांना शोधावं लागत नाही.