स्वयमचा कोर्स सोपा, क्रेडिट मिळवणं अवघड! माझा अनुभव

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची होती आणि पदवीसाठी क्रेडिटही (श्रेयांक) हवे होते, म्हणून क्लासची फी न भरता स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा एनपीटेलचा (आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) कोर्स घेतला. आयआयटी रोपरचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन', 12 आठवडे, अगदी शून्यापासून शिकवतात. कोर्स, असाइनमेंट, परीक्षा सगळं मस्त झालं, गाडी अडली ती आमच्या कॉलेजच्या ऑफिसात.

12 आठवड्यांचे 3 क्रेडिट मिळतात, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2021 च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. आमच्या एचओडी (विभागप्रमुख) मॅडमनी मान्य कोर्सची यादी नोटीस बोर्डवर लावली होती, मी त्यातलाच घेतला. तरी सर्टिफिकेट घेऊन गेले तर परीक्षा विभागातले साहेब म्हणाले, "असं सर्क्युलर आमच्याकडे आलेलंच नाही." मॅडम म्हणाल्या यादी कधीच खाली पाठवलीय, खाली आले तर म्हणे आवक नोंद नाही, युनिव्हर्सिटीत विचारा, तिथे गेले तर म्हणे प्रस्ताव कॉलेजनेच पाठवायचा असतो. मार्कशीट तोंडावर आलेली आणि एक माणूस कपाट उघडून बघायला तयार नाही! इतका अभ्यास करून मिळवलेले क्रेडिट असे लटकवून ठेवतात याची चीड अजून जात नाही.

शेवटी लेखी अर्ज केला, सोबत नियमाची प्रत, यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो आणि सर्टिफिकेट जोडलं, आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हललेच नाही. मग तीच यादी शेजारच्या टेबलावरच्या फाइलमध्ये सापडली. मार्कशीटवर 3 क्रेडिट दिसले तेव्हा खरंच जिंकल्यासारखं वाटलं.

तेव्हा कोर्स घ्यायच्या आधीच मान्यतेच्या पत्राची सही-शिक्क्याची प्रत घेऊन ठेवा, तोंडी "हो" चालत नाही. एबीसी आयडीही (मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात त्या 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चा नंबर) आधीच काढा. कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे पण परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, मी 1000 रुपये भरले, आणि परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यायची. फॉर्मवर टाकाल तेच नाव सर्टिफिकेटवर छापून येतं, म्हणून मार्कशीटवर आहे तसंच टाका. बहुतेक कोर्सना असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही लागतात, त्यामुळे दर आठवड्याची असाइनमेंट सोडू नका. आणि हो, जुने लेक्चर यूट्यूबवर असतात, दोन-तीन बघा, शिकवणं पटलं तरच घ्या.