८२ मिनिटांची अमावास्या

सिस्टरांचा फोन आला तेव्हा दहा इंची दुर्बिणीचा आरसा टबात होता. आरसा धुताना मध्येच उठता येत नाही. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा नुसता स्वतःच्या वजनाने फिरू द्यायचा, जरा दाबला की ओरखडा उठलाच. कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, सात तारखेला रविवार आहे आणि मला नाइट ऑफ मिळालाय. देवयानी दिसेल?"

"सात सप्टेंबर? पौर्णिमा आहे हो. नाही दिसायची."

"बरं," म्हणाल्या आणि ठेवून दिला. आवाजात नाराजी नव्हती. नकार ऐकायची त्यांना सवय झाली होती, आणि ती सवय मीच लावली होती.

आकाशदर्शन घडवणं ही माझी नोकरी. लोक येतात, रांगेत उभे राहतात, आयपीसला डोळा लावतात, मी मागे उभा राहून बोलतो. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच: "कधी येऊ?" त्याला जोडून पुष्कळदा, "पौर्णिमेला आलो तर उजेड असेल, चांगलं दिसेल ना?" चांगलं दिसतं, पण एकमेकांचे चेहरे. काळोख्या जागेवरून उघड्या डोळ्यांना दोनेक हजार तारे दिसत असतील, तर पौर्णिमेला त्यातले काही शेकडाच उरतात. दीर्घिकांचं, म्हणजे दूरच्या गॅलेक्सींचं, तर नावच नको.

सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या एका एप्रिलमध्ये. मोबाइलच्या वॉलपेपरवर देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका होती, निळ्या-सोनेरी रंगाची. मला स्क्रीन दाखवून म्हणाल्या, "ही." मी म्हणालो, आमच्या इथून एप्रिलमध्ये ही सूर्याच्या आसपासच असते, दिवसा डोक्यावरून निघून जाते.

"म्हणजे आकाशात आहे, पण दिसत नाही?"

"तुमचा नाइट स्टाफ दुपारी वॉर्डात दिसतो का?"

तेव्हा कुठे हसल्या. मग मी आकाशाचा ड्यूटी चार्ट समजावला. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. नोव्हेंबरात रात्री नऊला डोक्यावर असणारी देवयानी ऑक्टोबरात अकराला तिथे असते, सप्टेंबरात एकला, ऑगस्टमध्ये पहाटे तीनला. पाळी बदलत जाते, इतकंच. हे त्यांना लगेच कळलं. रोस्टर वाचणाऱ्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

खरं तर एप्रिलची संध्याकाळ दीर्घिकांसाठीच असते, फक्त वेगळ्या. आपल्या आकाशगंगेची चकती तेव्हा क्षितिजालगत उतरलेली असते. सिंह, कन्या, अरुंधती केश हा डोक्यावरचा भाग चकतीपासून लांब, तिथे मधे येणारी धूळ कमी, त्यामुळे आपल्या घराच्या खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखं पलीकडचं दिसतं. कन्येतला दीर्घिकांचा समूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. मी त्यातल्या दोन दीर्घिका, एम ८४ आणि एम ८६, एकाच दृश्यात लावून दिल्या. सिस्टरांनी चांगली पाच मिनिटं पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणून आहेत," म्हणाल्या. असा प्रामाणिकपणा फार कमी लोकांत असतो. बाकीचे "वा, वा" म्हणून पुढे सरकतात.

दुसऱ्यांदा आल्या नोव्हेंबरात. महिना अचूक, देवयानी थेट माथ्यावर, हवा स्वच्छ. पण नवमीचा चंद्र होता. तो मध्यरात्रीनंतर मावळणार होता, आणि सिस्टरांना साडेनऊला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. दुर्बिणीत दीर्घिकेचा गाभा तेवढा दिसला, पुसट ठिपका, आजूबाजूला राखाडी धुरकटपणा. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून मी कृत्तिका दाखवल्या, मग ययातीतला जोडगुच्छ. तो पाहताना त्या पहिल्यांदा "अगंबाई" म्हणाल्या.

"हे चंद्राला घाबरत नाहीत?"

नाही घाबरत. तारकागुच्छ म्हणजे शेवटी सुटे तारे. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा झालेला असतो, त्यामुळे आयपीस बदलून मोठेपणा वाढवला की पाठीमागचं आकाश काळवंडतं आणि तारे टिकून राहतात. दीर्घिकेचं तसं नाही. देवयानीची एकूण प्रत, म्हणजे तेजाचं माप, ३.४ आहे (आकडा लहान तितकं तेज जास्त), आकडा पाहून वाटतं की सहज दिसावी. पण तो सगळा प्रकाश आकाशात तीन अंशांहून जास्त लांबीवर, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत एवढ्या पट्ट्यावर पसरलेला. वाटीभर पाणी अंगणभर ओतलं तर नुसती ओल दिसते, तसं. त्या ओलीवर चंद्रप्रकाश पडला की संपलं.

तर त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी आरसा उभा करून निथळत ठेवला, हात पुसले, आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे नजर गेली. सात सप्टेंबरच्या चौकटीत माझ्याच अक्षरात, लाल शाईने लिहिलं होतं: खग्रास चंद्रग्रहण, खग्रास स्थिती ८२ मिनिटं.

तीन महिने मी त्या ग्रहणाची तयारी करत होतो. रांगा कुठे लावायच्या, किती स्टँड लागतील, सगळं ठरलं होतं. पण डोक्यात सात तारीख म्हणजे चंद्र एवढंच बसलेलं. चंद्रच विझणार आहे म्हटल्यावर पाठीमागे काय काय उजळेल, हा विचार शिवला नव्हता. पौर्णिमा म्हणजे दीर्घिका नाही, हे इतक्या वर्षांत तोंडपाठ झालेलं. सिस्टरांना परत फोन लावला.

"या. पण जेवून, झोप काढून या. आणि मोबाइल बंद ठेवायची तयारी करून या."

रविवारी माणसं अपेक्षेपेक्षा दुप्पट आली. संध्याकाळी पश्चिमेला ढगांची पट्टी होती, ती वर येते की काय म्हणून माझं निम्मं लक्ष तिकडे. ग्रहण सुरू व्हायला अवकाश होता, तोवर लोकांना गुच्छ दाखवत बसलो. उन्हाळ्याचा शेवट ते सप्टेंबर हा काळ गोलाकार तारकागुच्छांचा. संध्याकाळी धनु राशी दक्षिणेला उंच असते, तिच्या दिशेला आपल्या आकाशगंगेचं केंद्र, आणि गोलाकार गुच्छांची दाटी त्या बाजूलाच जास्त. खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांनी १९१८ मध्ये याच एकांगी दाटीवरून ताडलं की सूर्य काही मध्यभागी नाही, केंद्र तिकडे दूर आहे. पूर्वेला चंद्र भगभगीत वर येत होता, तरी धनूतला एम २२ आणि शौरीतला एम १३ हे दोन्ही गुच्छ सुटे तारे दाखवत होते. एम १३ पाहून एका मुलाने विचारलं, "रवा सांडलाय का?" मी ती उपमा ढापली आहे.

सिस्टर रांगेत नव्हत्या. मैदानाच्या टोकाला, दिव्यांकडे पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या.

"नोव्हेंबरात तुम्हीच म्हणालात ना, डोळ्यांना अर्धा तास लागतो. मी आत्ताच बसून घेते."

चंद्र वर असताना अंधाराला सरावण्याचा काही उपयोग नव्हता, पण मी बोललो नाही. खंडग्रास सुरू झालं. पृथ्वीची सावली पूर्ण चंद्र व्यापायला तासाभराहून थोडा जास्त वेळ घेते, त्या वेळात आकाश कणाकणाने उतरत जातं आणि डोळे त्याच्या मागोमाग उतरतात. दिवा मालवून अंधारात बसण्यापेक्षा हे बरं, हे मलाही त्या रात्रीच उमगलं.

खग्रास लागायला दहा मिनिटं असताना ढगांची ती पट्टी चंद्रावर आली. मैदानात एकच "अरेरे" झालं. लोक पांगू नयेत म्हणून मी २०१४ ची गोष्ट सांगायला घेतली. २१ जानेवारीला लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत ढग दाटून येत होते, म्हणून ठरलेला तास सोडून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घाईघाईने एम ८२ दीर्घिका दाखवायला घेतली, आणि चित्रात एक तारा जास्तीचा निघाला. तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा होता, तोवर कुणी नोंदवलेला नव्हता. गोष्ट संपेपर्यंत पट्टी पुढे सरकली होती.

चंद्र तांबूस कोळशासारखा लटकत होता आणि त्याच्याभोवती तारे होते. पौर्णिमेच्या चंद्राला खेटून फिके तारे! माथ्यावर हंसाच्या पंखांतून आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट निघालेला. तासाभरापूर्वी तिथे काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे चंद्राकडे, सगळ्या दुर्बिणी चंद्राकडे. दहा इंचीच्या मागे साठेक माणसांची रांग. ती मोडून दीर्घिकेकडे वळवणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. इथे माझं नियोजन चुकलंच. एक दुर्बीण राखून ठेवायला हवी होती.

कपाटातून १०×५० चा बायनॉक्युलर काढला आणि सिस्टरांकडे गेलो. आधी नुसत्या डोळ्यांनी रस्ता दाखवला. पूर्वेला भाद्रपदेचा मोठा चौकोन, त्याच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली डावीकडे दोन तारे, दुसरा मिराक. तिथे थांबायचं, डावीकडे वळायचं, दोन फिके तारे मोजायचे.

"दुसऱ्याच्या शेजारी धूर आहे," सिस्टर म्हणाल्या.

"तीच."

"दुर्बिणीशिवाय?"

पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास तिची नोंद 'छोटा ढग' अशी केली, तीही नुसत्या डोळ्यांनीच. मी हे सांगतोय तोवर त्यांनी बायनॉक्युलर लावला होता, त्यामुळे ऐकलं असेल असं वाटत नाही. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फोटोसारखी नाहीये." मी तयारच होतो, रंग डोळ्यांना का दिसत नाहीत वगैरे सांगायला. पण त्या पुढे म्हणाल्या, "मोठी आहे. फोटोत एवढी मोठी वाटत नाही."

रांग आड आली हे बरंच झालं, असं मला तेव्हा वाटलं. दहा इंचीत तिचा मधला भागच मावतो, लोक तेवढाच पाहतात आणि "हे एवढंच?" म्हणतात. पूर्ण लांबी मावायला बायनॉक्युलरचं रुंद दृश्यच लागतं.

"थेट बघू नका," मी सांगायला गेलो, "जरा बाजूला नजर ठेवली की..."

"तसंच बघतेय. रात्री राउंडला आम्ही टॉर्च पेशंटच्या तोंडावर नाही मारत, बाजूला मारतो. श्वास चालू आहे का ते कडेनेच दिसतं."

मी गेली किती वर्षं डोळ्यांतल्या दंडपेशी, शंकूपेशी असं काय काय सांगत आलोय. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात आणि त्या दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर नसतात, म्हणून तिरकी नजर. यापुढे टॉर्चचंच सांगेन.

खग्रासची शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा लोकांचा चंद्र पाहून झाला होता, रांग विरळ झाली. दहा इंची वळवली, कमीत कमी मोठेपणाचा आयपीस लावला. एव्हाना देवयानी साठ अंशांपर्यंत वर आली होती, आणि ते महत्त्वाचं. तीस अंशांवरचा प्रकाश माथ्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो, फिकी गोष्ट तिथेच निम्मीशिम्मी गळते. तिची छोटी सोबतीण दीर्घिका एम ३२ गाभ्याजवळ लगेच सापडली. दुसरी सोबतीण एम ११० मी मुद्दाम सांगितली नाही.

"इकडे आणखी एक आहे का? लांबट. आहे, नाही, आहे."

तीच एम ११०.

सिस्टर आयपीसवरून हलल्या नाहीत, मीही हलवलं नाही. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. मागून मैदानात ओरडा झाला, उन्मीलन झालं होतं, म्हणजे खग्रास स्थिती संपली होती, चंद्राच्या कडेवर पांढरा मणी. मी चंद्राकडे पाहत होतो, सिस्टर दीर्घिकेकडे.

"सर, ती लांबट गेली."

दोनेक मिनिटं शांतता.

"आता कडा आत येतायत. दोन्हीकडून."

मी बायनॉक्युलर उचलला. देवयानीची लांब बाजू खरोखरच आक्रसत चालली होती, वात उतरवत न्यावी तशी. चंद्राची कोर नखाएवढी झाली तोवर गाभ्याचा पुसट ठिपका उरला, नोव्हेंबरात दिसला होता अगदी तसा. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या, त्यांना काही फरक पडला नव्हता.

सिस्टरांनी डोळे चोळले, मोबाइल चालू केला, रोस्टरचा फोटो उघडला आणि बोटाने मोठा केला.

"अमावास्या कधी?"

"एकवीसला."

"एकवीसला नाइट आहे. एकोणीसला ऑफ. चालेल?"

"पळेल. चंद्र पहाटे उगवेल, तोही कोरीएवढा."

"किती वाजता येऊ?"

"दहानंतर कधीही. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ दीर्घिकेसाठी मात्र बारापर्यंत थांबावं लागेल."

"थांबते ना. रात्री जागायला मला काय," म्हणाल्या आणि १९ तारखेवर बोट ठेवून स्क्रीनशॉट काढला.