डब्लिन: शंभर वर्षांपूर्वीचे फोटो हातात घेऊन

डब्लिनच्या टेम्पल बार या भागात पबच्या गर्दीतून आत वळलं की मीटिंग हाऊस स्क्वेअर लागतो. तिथे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं छायाचित्र संग्रहालय आहे. प्रदर्शन फुकट पाहता येतं. पण फक्त भिंतीवरचे फोटो पाहून परतू नका. खरा खजिना ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत आहे, आणि तो फोनवर उतरवून घेऊन रस्त्यावर उभं राहून पाहण्यात मजा आहे.

सुरुवात लॉरेन्स संग्रहापासून करावी. १८७० ते १९१४ या काळातल्या काचेच्या सुमारे ४०,००० निगेटिव्ह त्यात आहेत. नाव दुकानमालक विल्यम लॉरेन्सचं, पण बहुतेक फोटो काढले त्याच्या पदरी असलेल्या रॉबर्ट फ्रेंचने. दुकान ओ'कॉनेल स्ट्रीटवर जनरल पोस्ट ऑफिसच्या समोरच्या बाजूला होतं. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात ते लुटलं गेलं, जळालं आणि स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्रांच्या निगेटिव्ह गेल्या. निसर्गदृश्यं आणि रस्त्यांच्या निगेटिव्ह रॅथमाइन्सला ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. १९४३मध्ये ग्रंथालयाने त्या विकत घेतल्या.

शोधताना पहिली अडचण नावांची. ओ'कॉनेल स्ट्रीट १९२४पर्यंत सॅकव्हिल स्ट्रीट होता. कोव्ह बंदर क्वीन्सटाउन होतं, डून लेअरी किंग्जटाउन आणि पोर्टलीश मेरीबरो. आजचं नाव टाकून काही सापडलं नाही तर जुनं टाकून पाहा.

दुसरी अडचण तारखेची. बऱ्याच फोटोंवर '१८७० ते १९१४ दरम्यान' एवढंच लिहिलेलं असतं. मग वस्तूंवरून काळ ठरवावा लागतो. ट्रामला घोडे जुंपलेले दिसले तर फोटो १९०१च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, कारण त्या सुमारास शहराच्या सगळ्या ट्राम विजेवर गेल्या. ओ'कॉनेल स्ट्रीटच्या उत्तर टोकाला आयरिश नेता पार्नेल याचं स्मारक उभं असेल तर १९११ किंवा नंतरचा. लेन्स्टर हाऊससमोर (आजचं संसदभवन) व्हिक्टोरिया राणीचा पुतळा असेल तर १९०८नंतरचा. ओ'कॉनेल स्ट्रीटच्या मध्ये दिसणारा ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्तंभ मात्र उपयोगाचा नाही. तो १८०९पासून १९६६मध्ये स्फोटाने उडवेपर्यंत तिथेच होता. आज त्या जागी १२० मीटर उंच, सुळक्यासारखा धातूचा स्पायर आहे.

ओ'कॉनेल पुलावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पोस्ट ऑफिस डाव्या हाताला येतं आणि त्याचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, म्हणून तो उन्हात उजळलेला असेल तर फोटो सकाळचा. चालती माणसं धुरकट दिसली तर प्लेट (काचेची निगेटिव्ह) खराब आहे असं समजू नका. फोटो उमटायला वेळ लागे, तेवढ्यात ती पुढे सरकली. आकाश कोरं पांढरं दिसतं तेही प्लेटमुळे: ती निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असे. दुकानाची पाटी उलटी वाचावी लागत असेल तर स्कॅनच उलट्या बाजूने झाला आहे.

हे फोटो मात्र विकण्यासाठी काढलेले होते, हे विसरू नये. रुंद रस्ते, स्वच्छ इमारती, टोपीवाले सभ्य लोक. गलिच्छ वस्तीचं पोस्टकार्ड कोण घेणार? ती बाजू पाहायची तर जॉन कुकचे १९१३चे फोटो शोधून पाहा. त्या सप्टेंबरात चर्च स्ट्रीटवर दोन भाड्याची घरं कोसळून ७ जण मेले आणि सरकारी चौकशी बसली. तिच्यासाठी गल्ल्या, परसं आणि एकेका खोलीत राहणारी कुटुंबं टिपली गेली. माझ्या मते फ्रेंचचे फोटो त्यांच्याशिवाय पाहणं म्हणजे अर्धंच शहर पाहणं.

पोस्ट ऑफिसपासून चालत साधारण पाव तासात १४ हेन्रिएटा स्ट्रीट हे संग्रहालय येतं. उमरावासाठी बांधलेलं हे घर पुढे खोल्याखोल्यांनी भाड्याने गेलं. १९११मध्ये तिथे शंभरच्या आसपास माणसं राहत होती. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात, तेव्हा वेळ आधी राखून ठेवा. जाण्यापूर्वी १९११च्या जनगणनेचे फॉर्म पाहून घ्या. ते ऑनलाइन फुकट आहेत. रस्ता आणि घरक्रमांक टाकला की रहिवाशांची नावं, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं की नाही आणि एका कुटुंबाकडे किती खोल्या होत्या, हे सगळं मिळतं.