सॅक पॅनिक: फक्त आठ बाइटच्या तुकड्यांनी अख्खा कर्नल बंद

रिमोट डीओएस, म्हणजे लांबूनच एखादं मशीन बंद पाडणारा हल्ला, म्हटलं की लोकांना ट्रॅफिकचा महापूर आठवतो, पण मला जास्त धास्ती त्या बग्जची वाटते ज्यांना पूर लागतच नाही, एखादं कनेक्शन पुरतं आणि पलीकडचं मशीन जागच्या जागी बंद. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी समोर आणलेला सॅक पॅनिक, म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या यादीतला सीव्हीई-२०१९-११४७७, हा त्यातलाच. लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्या २.६.२९ आवृत्तीपासून तो कोडमध्ये होता, म्हणजे जवळपास दहा वर्षं!

सॅक, म्हणजे सिलेक्टिव्ह अ‍ॅक्नॉलेजमेंट, हे टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा नीट पोचवणाऱ्या नियमांचं) तसं चांगलंच फीचर आहे, १९९६ च्या आरएफसी २०१८ या इंटरनेट मानकामधलं. मधलं एखादं पॅकेट हरवलं तर रिसीव्हर सांगतो की बाबा हे हे तुकडे पोचलेत, राहिलेलेच परत पाठव. मग पाठवणारा कर्नल पोचलेल्या तुकड्यांचे बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) एकमेकांत विलीन करत जातो, हिशोब सोपा व्हावा म्हणून.

आता गंमत बघा. कनेक्शन जोडतानाच समोरचा सांगू शकतो की माझा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, अगदी लहान ठेव, आणि लिनक्स ४८ पर्यंत खाली जायचा. त्यातले ४० बाइट टीसीपी ऑप्शन्ससाठी धरले की खरा डेटा उरतो ८ बाइट. एका बफरमध्ये मेमरीचे १७ तुकडे (फ्रॅगमेंट्स) मावतात, एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येकी ३२ केबीपर्यंत. सगळं भरलं तर ५,५७,०५६ बाइट, भागिले ८, म्हणजे पाठवायचे ६९,६३२ तुकडे (सेगमेंट्स). आणि हे सेगमेंट्स मोजणारा काउंटर १६ बिटचा, ६५,५३५ च्या पुढे गेला की परत शून्यापासून सुरू. हिशोब जुळत नाही, बग-ऑन, म्हणजे काही चुकलं तर सगळं थांबवणारी कोडमधली तपासणी, लागतो आणि कर्नल पॅनिक, अख्खं मशीन ठप्प. पासवर्ड नको, लॉगिन नको, फक्त डेटा पाठवणारी एखादी उघडी टीसीपी सर्व्हिस हवी.

मला खटकतं ते बग-ऑन. आकडा चुकला तर पुढे जाऊ नये हा विचार बरोबरच आहे, पण बाहेरच्या कुणाच्याही पॅकेटवरून पोचता येईल अशा वाटेवर अख्खं मशीन थांबवणं हे उत्तर असूच शकत नाही, ते एक कनेक्शन तोडा, लॉगमध्ये लिहा आणि बाकीच्यांना चालू द्या ना. आता कर्नलचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनसुद्धा नवीन कोडमध्ये बग-ऑन वापरू नका म्हणतं.

आणि "डेटा तर चोरीला गेला नाही ना" म्हणून असे पॅच मागे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याचं काम त्या सर्व्हरवर अडलंय त्याला सर्व्हर बंद म्हणजे बंदच.

फिक्स छोटा आहे: विलीन करताना काउंटर ओलांडणार असेल तर विलीनच करायचं नाही. सोबत टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस ही सेटिंगही आली, म्हणजे फार लहान एमएसएसला स्वतःची खालची मर्यादा घालता येते. तेव्हा लगेच पॅच शक्य नसलेल्यांनी टीसीपी_सॅक ही सेटिंग शून्य करून सॅकच बंद केलं, चालतं, पण पॅकेट्स हरवणाऱ्या लिंकवर स्पीड पडतो. दुसरा उपाय म्हणजे लहान एमएसएसची कनेक्शन्स फायरवॉलवरच टाकून द्यायची, फक्त त्यासोबत एमटीयू प्रोबिंग (योग्य पॅकेट साइज चाचपून शोधणं) बंद हवं, नाहीतर तो फिल्टर अपुरा पडतो. जुन्या कर्नलवर अडकलेला राउटर किंवा स्टोरेज बॉक्स असेल आणि कंपनी अपडेट देत नसेल तर आजही निदान एवढं तरी करून ठेवा.