रूपर्टचे घोडे थांबत नाहीत

१४ जून, शनिवार, रात्र

आज टेबलावर बाहुल्या आणि फाशांनी नेझबीची लढाई खेळलो, इंग्लंडच्या राजा विरुद्ध पार्लमेंट या यादवीतली. तारीख मुद्दाम धरली होती. १६४५ साली १४ जूनलाच ही लढाई झाली. (इंग्लंडचं तेव्हाचं पंचांग दहा दिवस मागे होतं, म्हणजे आजच्या हिशेबाने २४ जून. हे मी बोलून दाखवलं नाही. समोरच्याने सकाळपासून सहा फुटी टेबल मांडलेलं असताना असलं काही बोलू नये.)

मी राजाकडे. लेस्टरमध्ये राहून राजाची बाजू घेणं जरा अवघडच. नेझबीच्या पंधरवडाभर आधी चार्ल्सच्या फौजेने हेच शहर तोफा लावून फोडलं आणि मनसोक्त लुटलं. माझे प्रतिस्पर्धी निवृत्त रेल्वेचालक, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. दर वेळी हात मिळवताना विचारतात, "आमची भांडी परत आणलीस का?" आईला फोनवर हा चार्ल्स कोण हे सांगायचं तर ‘ज्याच्या मुलाला मुंबई आंदण मिळाली तो’ एवढं पुरतं.

पार्लमेंटचं पायदळ लाल डगल्यांत, माझ्याकडचं, राजाचा भाचा रूपर्ट याचं पायदळ निळ्या. हे निळे मी स्वतः रंगवलेत. १६ फुटी भाले म्हणून बारीक तारा चिकटवल्यात, त्या रांग सरकवताना बोटांत घुसतात. उजव्या कडेला सल्बीचं कुंपण, भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे कापून केलेलं. त्याच्याआड पार्लमेंटच्या कर्नल ओकीचे ड्रगून (घोड्यावरून येऊन पायउतार होऊन लढणारे बंदूकवाले) बंदुका रोखून बसतात आणि माझं घोडदळ समोरून निघालं की बाजूने गोळ्या घालतात. त्याला माझा इलाज नाही. राजाकडे नऊ-दहा हजार माणसं, पार्लमेंटचा सेनापती फेअरफॅक्स, त्याच्याकडे चौदा हजारांच्या घरात. टेबलावरही मी त्याच प्रमाणात तोकडी.

म्हणून माझी सगळी मदार उजव्या बगलेवर, म्हणजे रूपर्टवर. राजाचा हा भाचा घोडदळ घेऊन सुटला की पिस्तुलं झाडायला थांबत नसे, तलवारी उपसून सरळ भिडायचा. आमच्या नियमांत त्याच्या स्वारांना धडकेला जादा फासे मिळतात. समोर पार्लमेंटच्या घोडदळाचा आयर्टन. दुसऱ्याच डावात त्याच्या दोन तुकड्या मोडल्या, आणि मग आला तो नियम. लढत जिंकलेल्या घोडदळाने दोन फासे टाकायचे. पार्लमेंटच्या दुसऱ्या बगलेवरच्या क्रॉमवेलच्या स्वारांना चार आले तरी ते थांबतात, रूपर्टच्यांना नऊ लागतात. मला पाच आले. घोडे पळणाऱ्यांच्या मागे निघाले, तुकडीमागून तुकडी, आणि टेबलाच्या कडेवरून खाली उतरले. खाली म्हणजे बिस्किटांच्या डब्याशेजारी.

नियम लिहिणाऱ्याने हे उगाच घातलेलं नाही. १६४२ मध्ये एजहिलला रूपर्टने हेच केलं होतं: समोरची बगल उधळली आणि स्वार थेट केनटनपर्यंत, पार्लमेंटच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेले. नेझबीलाही तेच. त्या दिवशी रूपर्टच्या डोक्यावर फेअरफॅक्ससारखीच लाल टोपी होती. गाड्यांवरचा अधिकारी आपलाच सेनापती समजून हातात टोपी घेऊन सामोरा आला, म्हणतात. रूपर्टने विचारलं, शरण येता का? पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. तो रिकाम्या हाताने परत फिरला तोवर मैदानातला निकाल लागला होता.

मला विचाराल तर हा या खेळातला सगळ्यात खरा नियम आहे. बाकी सगळीकडे आपण छतावरून पाहणारे देव. कुठली तुकडी दमली, कोणाच्या बंदुका रिकाम्या, सगळं दिसतं. इथे मात्र आपलीच फत्ते आपल्या हातातून निघून जाते आणि आपण चहा घेत पाहत बसतो. पलीकडे क्रॉमवेलने माझ्या डाव्या बगलेवरच्या लँगडेलला चढावरून खाली रेटलं, पाठलागावर थोडेच स्वार पाठवले आणि उरलेले वळवून माझ्या पायदळाच्या कुशीत घातले. समोरच्या गृहस्थांनी यासाठी काही चमकदार केलं नाही. त्यांचे घोडे थांबले, एवढंच.

निळे शेवटपर्यंत टिकले, हे मात्र लिहून ठेवते. दोन वेळा फासे माझ्या बाजूने पडले.

मग राजाला स्वतः घालायचं का, हा प्रश्न आला. त्याची बाहुली तुकडीला जोडली की जोर वाढतो. ती पडली की डाव संपतो. प्रत्यक्षात चार्ल्स निघाला होता, पण अर्ल ऑफ कार्नवॉथने त्याच्या घोड्याचा लगाम धरून तोंड फिरवलं, आणि राजा परततोय असं पाहून मागची राखीव फळीही फिरली. मी लगाम धरू दिला नाही. राजा गेला. निकाल तसाही तोच होता, निदान पुढची साडेतीन वर्षं आणि शेवटी व्हाइटहॉलला होणारा शिरच्छेद वाचला.

एका गोष्टीवर मात्र आमची आज हुज्जत झाली. माझ्या मागे राजाच्या सामानाच्या गाड्या असतात आणि छापील नियमांत त्या पकडल्या की गुण मिळतात. राजाचा पत्रव्यवहार त्यांतच सापडला, तो पार्लमेंटने छापून साऱ्या देशाला वाचायला दिला. त्याला गुण द्यायला माझी हरकत नाही. पण त्याच गाड्यांबरोबर बाजारबुणगे होते, त्यांतल्या निदान शंभर बायका लढाई संपल्यावर कापल्या गेल्या. आयरिश समजून मारल्या, असं सांगतात. बहुधा त्या वेल्श होत्या, इंग्रजी न येणाऱ्या. मी म्हटलं, पत्रांची पेटी वेगळी ठेवू, गुण तिचे, गाड्यांचे शून्य. ते म्हणाले, "मग गाड्या टेबलावर हव्यातच कशाला?" हव्यात. त्या तिथे होत्या म्हणून. बराच वेळ दाढी खाजवून त्यांनी मान्य केलं आणि नियमांच्या कागदावर पेन्सिलीने लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात मार्स्टन मूर, जुलै १६४४. तिथे राजाकडच्या न्यूकॅसल या सरदाराचे पांढरे डगलेवाले लागतात, न रंगवलेल्या लोकरीचे. पांढऱ्या रंगाचा हात नीट बसत नाही, तीन पातळ थर द्यावे लागतात. उद्या प्रायमर आणायचा आहे, आणि जाडसर तार. बोटांचं मग पाहू.