तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोत स्पष्ट दिसणारा मोडी कागद मी का वाचून देत नाही

"मॅडम, फोटो एकदम क्लिअर आलाय, झूम करून बघा." पाच मिनिटांनी नुसतं प्रश्नचिन्ह. मग दोन प्रश्नचिन्हं. संध्याकाळी फोन: एवढं स्पष्ट दिसतंय तर वाचून का देत नाही? मूळ कागदच आणा हा हट्ट कशासाठी? जास्त पैसे हवे असतील तर तसं सांगा.

एकेकाला उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते. पैशांचं आधी. कागद असो की फोटो, माझा पानाचा दर एकच आहे. कागद म्हणजे तुम्ही एसटीने येणार, चहा माझ्याकडचा, आणि घड्या उलगडताना जीव माझा टांगणीला. फोटो म्हणजे रात्री जेवणं उरकल्यावर पलंगावर बसून काम. यातलं मला काय सोयीचं ते तुम्हीच ठरवा.

आणि मी सगळेच फोटो परत पाठवते असंही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला, मग त्या नोंदींसाठी लोक तहसिलीच्या रेकॉर्ड रूमकडे धावले आणि मोडी येणाऱ्या माणसाला अचानक भाव आला. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. कोतवाल बुकाचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचे फोटो यायचे, ट्यूबलाइटखाली घाईघाईने काढलेले, कोपऱ्यात कारकुनाचा अंगठा. मी ते वाचले, आजही वाचते. आखलेले रकाने, टाकाने लिहिलेली ठसठशीत अक्षरं, गावातली तीच तीच आडनावं. एखादं अक्षर गेलं तरी वरच्या-खालच्या नोंदीवरून लागतं. मी अडते ती घरगुती कागदांशी: वाटणीपत्र, फारखत, कर्जरोखा. शाई विटलेली, पाठीमागचं लिखाण पुढे उमटलेलं, घडीवर चिरलेलं. तिथे ओळीला आधार द्यायला दुसरी ओळ नसते.

आता फोन काय करतो ते. फोटो काढून लगेच गॅलरीत उघडा. पहिला क्षणभर तो थोडा खरबरीत दिसतो आणि मग डोळ्यांदेखत गुळगुळीत होतो. बऱ्याच फोनांत हे दिसतं. तो जो बदल होतो ना, माझं भांडण त्याच्याशी आहे.

फोनमधला सेन्सर जेमतेम एक सेंटिमीटर रुंद, पुष्कळ फोनांत त्याहूनही लहान. रेकॉर्ड रूमच्या उजेडात त्याच्या वाट्याला प्रकाश येतो थोडका, म्हणून चित्रात दाणे येतात. ते घालवायला फोन एका दाबात अनेक फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो, त्यांची सरासरी काढतो. इथवर ठीक आहे. यात चित्र सुधारतंच, गुगलच्या लोकांनी २०१६ मध्ये ही रीत शोधनिबंधात तपशीलवार मांडली आहे. पण एवढ्यावर न भागता उरलेले दाणे पुसले जातात, सावलीतला भाग उजळला जातो, आणि जी कड फोनला कड वाटते ती धारदार केली जाते. हे सगळं बसवलंय चेहरे, झाडं, आभाळ, ताटातली भाजी यांच्यासाठी. हाताने केलेल्या कागदाचे तंतू आणि विटलेल्या शाईची बारीक रेघ यांची जाडी आणि फिकटपणा जवळजवळ सारखा असतो. फोन दोन्ही पुसतो. ठळक रेघ आणखी ठळक होते, फिकट रेघ कागदात विरते, आणि पान दिसतं कसं? स्वच्छ. पितळी तांब्यावर कोरलेलं नाव चिंचेने घासून घासून जावं आणि तांब्या मात्र लखलखीत दिसावा, तसं. तुम्ही मला क्लिअर म्हणून पाठवता तो हा लखलखीत तांब्या.

सावली उजळण्याचा उलटा त्रासही आहे. पाठीमागच्या बाजूची शाई, जी डोळ्याला पुसटशी जाणवते, ती फोन वर काढतो. मग तिला धारही लावतो. म्हणजे पुढची खरी रेघ गेली आणि मागची पुढे येऊन बसली, असं एकाच पानावर होऊ शकतं.

हे सगळं मी एरवी सांगते तेव्हा लोक माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोटो पाठवतात. म्हणून विहिरीची गोष्ट सांगते. नावं-गाव बदलायचा प्रश्न नाही, सांगतच नाही.

कृष्णाकाठचं गाव. दोन चुलत घरं, एक विहीर. रस्त्याच्या रुंदीकरणात विहीर गेली आणि मोबदला हिश्शाप्रमाणे वाटायचा होता. सातबाऱ्यावर 'विहीर सामाईक' एवढंच. हिस्सा होता तो आजोबांच्या वेळच्या मोडी वाटणीपत्रात, आणि ते वाटणीपत्र २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात लोखंडी पेटीसकट पाण्यात गेलं. पेटी मिळाली, आत लगदा होता. पण त्याच्या आधी कधीतरी, काही वाद नव्हता तेव्हा, दोन्ही घरांतल्या पोरांनी हौसेने त्या कागदाचे आपापल्या फोनवर फोटो काढले होते. दोघांनी फोटो काढला तो एकाच पानाचा, मोठ्या घराचा हिस्सा लिहिलेल्या. दुसऱ्या पानावर दुसऱ्या घराचा हिस्सा असणार, तो असता तर बेरीज करून उत्तर मिळालं असतं. त्या पानाचा फोटो कुणाकडेच नाही.

जुन्या कागदांत पाव, निम्मा, पाऊण हे उभ्या दंडांनी लिहीत. एक दंड पाव, दोन दंड निम्मा, तीन दंड पाऊण. ।, ॥, ॥। असे. शेजारी अक्षरांतही लिहायची पद्धत असते, पण इथे तो शब्द नेमका घडीवर होता. तर मोठ्या घराच्या फोटोत तीन दंड दिसत होते आणि धाकट्या घराच्या फोटोत दोन. कागद एकच. दोन्ही फोटो स्पष्ट. हो, तुमच्या भाषेत क्लिअर.

दोन्ही पक्षांना मी एकाच दिवशी बोलावलं. मोठ्या घराकडून एक निवृत्त एसटी कंडक्टर काका आले, सोबत त्यांची म्हातारी चुलती. धाकट्या घराकडून चाकणला कंपनीत असलेला मुलगा. दोघांनी आपापले फोटो मोठ्ठे छापून आणले होते. माझ्या दिवाणावर ते शेजारी शेजारी पसरले.

"मॅडम, तीस वर्षं तिकिटं पंच केली म्या. तीन रेघा मोजता येत नाहीत व्हय मला?" काका म्हणाले.

"ताई, आमच्या फोटोत बघा ना, दोनच्या पुढं कागद कोराकरकरीत आहे," तो मुलगा.

कोराकरकरीत. तेच मला खटकत होतं. त्याच्या फोटोत इतरत्र कागदाचे तंतू थोडेतरी दिसत होते, आणि दुसऱ्या दंडाच्या उजवीकडे मात्र बोटभर जागा साय धरल्यासारखी सपाट. तिथे कागद खरंच कोरा होता की फिकट दंड फोनने दाणा समजून पुसला? आता काकांचा फोटो. त्यात तिसरा दंड होता, धारदार, दोन्ही बाजूंना पांढरी किनार. पण पानभर मागची शाईही वर आलेली. मागचं अक्षर एरवी ओळखता येतं, कारण ते उलटं दिसतं. उभा दंड उलटा केला तरी उभा दंडच राहतो. तो पुढचा की मागचा, हे फोटोवरून कळायला काही मार्गच नव्हता. मी भिंग लावलं, मूळ फाइली मागितल्या. काकांचा जुना फोन केव्हाच मेला होता, फोटो लेकीच्या व्हॉट्सॲपमधून परत आलेला, म्हणजे तिथे आणखी दाबला गेलेला. त्या मुलाचाही तसाच.

मग चुलतीला विचारलं, मोटेची पाळी, म्हणजे विहिरीचं पाणी ओढायची तुमच्या घराची पाळी, किती दिवस असायची? "आठवड्यातनं चार दिस आमची," म्हातारी ठामपणे म्हणाली. सातातले चार. निम्म्याला साडेतीन लागतात, पाऊणला सव्वापाच. दोन्ही पक्षांनी हे आपल्याच बाजूचं समजून मान हलवली.

मी लिहून दिलं: दोन दंड निश्चित. तिसऱ्या दंडाविषयी या छायाचित्रांवरून मत देता येत नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुरानं कागद नेला, आता तुम्ही फोटो पण नेला." पैसे ठेवले आणि कागद न घेताच उठले. नंतर कळलं की एका पक्षाने दुसऱ्या कुणाकडून 'पाऊण' लिहून घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडून 'निम्मा'. मोबदला अजून अडकलेला आहे.

त्यांचं ते वाक्य मला लागलं, नाही कशाला म्हणू. पण माझ्या लिहिण्यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. लोक म्हणतात, तुमच्या काटेकोरपणामुळे दोन घरं कोर्टात गेली. मी 'तीन' लिहिलं असतं तर गेली नसती का?

तुम्ही म्हणाल, हाताने नक्कल करणारा कारकून काय बिनचूक होता? मुळीच नाही. तोही घाई करायचा, अंदाज बांधायचा. पण न लागलेल्या जागी तो टिंबं द्यायचा. छापील पत्रसंग्रह उघडून बघा, कागद फाटलेल्या ठिकाणी संपादकांनी तशी खूण केलेली असते. मला काय वाचता आलं नाही, हे तो पुढच्याला कळवून जायचा. फोन टिंबं देत नाही. जिथे त्याला दिसलं नाही तिथे तो कोरा कागद रंगवतो, नाहीतर रेघ ओढतो, आणि दोन्हीला सारखीच झिलई देतो.

यंत्राने असं करणं नवंही नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलतात. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, प्रतीत तिन्ही एकच झाली. फाइल लहान करण्यासाठी सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरले जात होते. प्रत पुसट नव्हती, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. आणि २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनचं चंद्राचं प्रकरण गाजलं: एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र पडद्यावर लावून त्याचा फोटो घेतला, तर फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले डाग भरले. चंद्राचे डाग फोनला शिकवलेले तरी होते. तुमच्या पणजोबांच्या कारकुनाचं वळण त्याला कुणी शिकवलंय?

एवढं सगळं बोलून झाल्यावर माझ्यातलीच एक बाई मला अडवते. ती म्हणजे मोडीच्या वर्गात शिकवणारी आधीची मी. तिचं सांगणं असायचं: जुन्या कागदाला वारंवार हात लावू नका, एकदा उलगडा, फोटो काढा, ठेवून द्या. ती आज विचारते, पुराआधी त्या पोरांनी फोटो काढले नसते तर तुझ्याकडे ते दोन दंड तरी असते का? नसते. आणि मूळ कागद आणा, मूळ कागद आणा करत गावोगावच्या पेट्या तू उघडायला लावतेस, त्यात किती कागद तुटत असतील? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मी तिला एवढंच म्हणते की फोटो काढू नका असं मी म्हणतच नाही, फक्त फोनच्या मर्जीने काढू नका. ती म्हणते, सोनसळच्या डोंगरातल्या म्हातारीला रॉ फाइल, फोनने पुसापुशी न केलेला फोटो, म्हणजे काय ते तू सांगायला जाणार आहेस? आमचं इथेच अडतं.

तरी पाठवणारच असाल तर असं करा. दुपारी खिडकीशी कागद ठेवा, फ्लॅश नको. झूम करू नका. फार जवळही जाऊ नका, बरेच फोन जवळ गेलं की आपणहून दुसऱ्या, हलक्या लेन्सवर जातात. कागद पांढराशुभ्र करणारा स्कॅनचा पर्याय तर अजिबात नको, फिकट शाई तो पहिल्यांदा खातो. फोनमध्ये 'प्रो' आणि 'रॉ' असेल तर ते लावा, चित्र दाणेदार येईल, येऊ द्या. सगळी पानं घ्या, आपल्या हिश्शाचं तेवढंच नको. प्रत्येक पानाची पाठ घ्या, कोरी वाटली तरी. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लॅमिनेशन करून कागद वाचवायला जाऊ नका, मी हात जोडते.

परवा काकांचा पुन्हा फोन आला. गावातल्या एका पोराने कसल्याशा ॲपमधून फोटो साफ करून दिलाय, आता तिन्ही रेघा छापल्यागत दिसतात, पाठवू का? म्हटलं पाठवा, पण साफ करायच्या आधीचाही सोबत पाठवा.

"तो कुठला आता? पोरानं त्याच्यावरच सेव्ह केला. लेकीचा फोन पण बदलला. पण तुमच्याकडं असंल की."

आहे. पेन ड्राइव्हवर काढून ठेवलाय, दुसऱ्या घराचाही.