डिअर सीझन संपला: तिसऱ्या वर्षाची नोंद, एक बार आणि वीस मिनिटं

मंडळी, संपला एकदाचा हरणाच्या शिकारीचा सीझन. गन सीझनचे नऊ दिवस, मग ठासणीच्या बंदुकीचे दहा दिवस, मग डिसेंबरातले फक्त बिनशिंगाच्या हरणांसाठीचे चार दिवस, सगळं झालं. ऑरेंज जॅकेट धुवून वाळत घातलंय, रायफल साफ करून तिजोरीत ठेवली, आणि रविवारी पहाटे साडेतीनला आपोआप जाग आली तेव्हा कुठे जायचं नाहीये हे लक्षात यायला दोन मिनिटं लागली. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना माहीत आहे की पहिल्या वर्षी काहीच मिळालं नव्हतं आणि दुसऱ्या वर्षी एक मादी मिळाली होती, जागच्या जागी पडलेली. यंदाही एकच मादी, पण यंदाची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट लिहायची आहे.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. मी विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये राहतो, शिकारीला पश्चिमेकडे दीड तासावर रिचलँड काउंटीत जातो. हा सगळा ड्रिफ्टलेस भाग, म्हणजे हिमयुगात हिमनद्या इथवर पोचल्याच नाहीत त्यामुळे टेकड्या घासून सपाट झाल्या नाहीत, डोंगराच्या सोंडा आणि मधे खोल घळी, खाली ओढा, वर मका. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घाटाखालच्या आमच्या गावाचीच आठवण झाली होती. जमीन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची आहे, वय ऐंशीच्या पुढे, मी त्यांना बाबाच म्हणतो आणि ते काही म्हणत नाहीत. त्यांच्या जमिनीवर माझं एकच मचाण, ओकच्या झाडाला लावलेलं पंधरा फुटी लॅडर स्टँड.

गन सीझन इथे थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारी उघडतो. कंबरेच्या वर अंगावर जे दिसेल त्यातलं निम्मं तरी भडक ऑरेंज पाहिजे, 2016 पासून भडक गुलाबीही चालतं. हरणाला तो ऑरेंज आपल्यासारखा दिसत नाही, त्याला निळा चांगला दिसतो, म्हणून ऑरेंजपेक्षा आतल्या निळ्या जीन्सची काळजी घ्या असं मी दर वर्षी सांगतो.

पहिले दोन दिवस पाटी कोरी. शनिवारी सकाळी आजूबाजूच्या टेकड्यांवरून बार ऐकू येत होते आणि माझ्यासमोर फक्त खारी. रविवारी एक छोटा बक, म्हणजे नर, दिसला, शिंगांना दोन्ही बाजूंना एकेकच टोक, दीड वर्षाचा असणार, त्याला जाऊ दिला. सोमवार-मंगळवार ऑफिस.

बुधवारी दुपारी सुट्टी टाकून दोनला मचाणावर होतो. झाडाला बांधायचा हार्नेस आधी, मग बाकी सगळं, हे कृपा करून कोणी विसरू नका, इथे गोळी लागण्यापेक्षा झाडावरून पडून मोडलेले लोक मला जास्त माहीत आहेत. वारा वायव्येचा, हलका. पावणेचारच्या सुमाराला घळीच्या तोंडाशी हालचाल झाली, आधी एक मादी आणि तिच्या मागे या वर्षीचं पाडस. पाडस नोव्हेंबरात चांगलं मोठं झालेलं असतं, दूध केव्हाच सुटलेलं, आई गेली तरी ते कळपात मिसळून जगतं, हे सगळं मला माहीत आहे. तरी ते मागे दिसल्यावर हात जरा थांबलाच. हे पाडस मला रानात लावलेल्या माझ्या कॅमेऱ्यावरून ओळखीचं होतं, डाव्या कानाचं टोक फाटलेलं.

मादी 70 यार्डांवर येऊन थांबली. आता इथे माझी चूक. ती आडवी उभी नव्हती, तिरकी होती, छाती थोडी माझ्याकडे. अशा वेळी नेम खांद्याच्या पुढच्या बाजूला धरायचा असतो, म्हणजे गोळी तिरकी आत जाऊन फुप्फुसातून पार होते. मी आडव्या हरणाला धरतो तसा खांद्याच्या मागे धरला. उजेड उतरायला लागला होता, सव्वाचारच्या पुढे सूर्य मावळतो, आणि मला वाटलं आत्ता नाही तर आज नाही. बार काढला. ती पाठ वाकवून उडाली आणि घळीत उतरली, पाडस उलट्या दिशेला.

नियम सगळ्यांना पाठ आहे. फुप्फुसाला लागलं तर अर्धा तास, कलेजीला लागलं तर तीन-चार तास, पोटात लागलं तर त्याहून कितीतरी जास्त. कुठे लागलं हे माहीत नसेल तर आधी शांत बसायचं. पाठ वाकवून पळणारं हरीण म्हणजे गोळी मागे लागली असण्याची शक्यता मोठी, हेही मला माहीत होतं. मी वीस मिनिटं बसलो. घड्याळ बघत, एकेक मिनिट मोजत, आणि मग अंधार पडायच्या आत बघून येऊ म्हणून खाली उतरलो.

जिथे लागली होती तिथे रक्त सापडलं. ओकच्या वाळक्या पानावर एक थेंब, रुपयाएवढा, आणि मी ते पान उचलून टॉर्चखाली धरलं. फुप्फुसाचं रक्त गुलाबीसर लाल असतं, त्यात बारीक बुडबुडे असतात, साबणाच्या फेसासारखे. हे गडद होतं, मरून, जाडसर, एकही बुडबुडा नाही. कलेजी. त्या क्षणी मागे फिरायला पाहिजे होतं. मी अजून चाळीस पावलं पुढे गेलो आणि समोरच्या झुडपातून ती उठली. माझ्यापासून तीस यार्डांवर बसली होती, तिथेच शांतपणे मेली असती. उठली आणि ओढ्याकडे गेली, मला फक्त पांढरी शेपटी दिसली, खाली पाडलेली.

बाबांना फोन केला. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले घरी ये आणि सूप पी. त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो असताना मला माझे आजोबा आठवले. कुडाळ तालुक्यात आमचं घर, आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची केपाची बंदूक होती, भातात रानडुकरं घुसायची तेव्हाची, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीच्या गोष्टी. ते सांगायचे, "बार काढल्यार पयला पान खावचा, मगेच उठाचा." लहानपणी मला वाटायचं आजोबांना पानाची तलफ म्हणून. त्या रात्री कळलं की चंची काढायची, पान पुसायचं, चुना लावायचा, सुपारी कातरायची, सावकाश चघळायचं, यात सहज अर्धा-पाऊण तास जातो आणि हात रिकामे नसतात. माझ्याकडे घड्याळ होतं, त्यांच्याकडे पान होतं, आणि घड्याळाकडे बघून वाट बघता येत नाही.

रात्री नऊला बाबांचा नातू आणि मी टॉर्च घेऊन निघालो, बंदूक अर्थात घरी. प्रत्येक थेंबाजवळ फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा, मागे वळून बघितलं की दिशा कळते. ओढ्यापर्यंत माग लागला आणि तिथे संपला. बर्फ नव्हता. बर्फ असता तर गोष्ट सोपी होती. साडेअकराला थांबलो.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी ओळखीतल्या एका बाईंनी त्यांची माग काढणारी कुत्री आणली, इथे कुत्रं दोरीला बांधून जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे. लहानशी डॅक्सहुंड, पाय जेमतेम चार बोटं उंच. ओढा ओलांडून ती सरळ उंच गवतात शिरली, मधे एकदा थांबून नाक वर केलं, आणि दहा मिनिटांत आम्ही मादीपाशी उभे होतो. ओढ्यापासून जेमतेम सव्वाशे यार्ड. रात्री तापमान शून्याच्या खाली होतं, कोयोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, फिरकले नव्हते, पोट फुटलेलं नव्हतं, त्यामुळे मांस वाचलं. पण ती किती वेळ जिवंत होती ते मला सांगता येत नाही, आणि तो वेळ माझ्या घाईने वाढला. हे मी इथे लिहितोय कारण आपण सगळे फोटो टाकतो तेव्हा ही बाजू कुणी लिहीत नाही.

बाकी कामं. रजिस्ट्रेशन ऑनलाइन, हरीण हाती लागल्यापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावं लागतं, मी त्याच दिवशी केलं. वय बघायला खालचा जबडा काढला. तिसरी प्रीमोलर दाढ बघायची, तिला तीन उंचवटे असतील तर दुधाची आहे म्हणजे दीड वर्ष किंवा कमी, ती पडून दोन उंचवट्यांची नवी आली असेल तर अडीच किंवा जास्त. हिची नवी, पांढरीशुभ्र, मागच्या दाढांवर झीज जवळपास नाही, म्हणजे अडीच. अंगाने मला ती चार-पाच वर्षांची वाटली होती.

आमचा भाग सीडब्ल्यूडीचा, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा आजार. विस्कॉन्सिनमध्ये हा आजार 2002 साली सापडला आणि आमच्या आजूबाजूच्या काउंट्यांमध्येच सगळ्यात जास्त आहे. प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा आजार, शिजवून जात नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही पण पॉझिटिव्ह हरीण खाऊ नका असंच सांगतात, त्यामुळे टेस्ट करायचीच, फुकट आहे. मानेचा थोडा भाग ठेवून डोकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, नमुने जमा करायच्या पेटीत, म्हणजे किऑस्कमध्ये, टाकायचं, ते घशामागच्या लसिका ग्रंथी तपासतात. हाडं आणि उरलेलं रानात फेकायचं नाही, कचऱ्यात, म्हणजे लँडफिलला. रिपोर्ट येईपर्यंत सगळी पाकिटं तारीख घालून फ्रीजरच्या वेगळ्या कप्प्यात. दोन आठवड्यांनी आला, नॉट डिटेक्टेड. त्या दिवशी पहिलं पाकीट उघडलं.

42 पाउंड बिनहाडाचं मांस निघालं. हे मांस कसं करायचं असं मागच्या वर्षी ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: चरबी सगळी काढा, एक कणही ठेवू नका, बकऱ्याच्या चरबीसारखी ती नाही, तोंडात मेणासारखी चिकटते. पांढरा पापुद्रा पण सोलून काढा. पाठीचं मांस जाड तव्यावर तूप टाकून दोन-दोन मिनिटं, बस. खांदा आणि मानेचं सुकं, मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं, कुकरला सहा शिट्ट्या. बाबांना डबा दिला, त्यांना तिखट झेपत नाही म्हणून त्यांचा वेगळा केला होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती म्हणाली आजोबा असते तर कलेजी आधी मागितली असती. यंदा कलेजी नव्हती.

व्हिसावर असताना शिकारीसाठी बंदूक घेता येते का, असं पुन्हा दोघांनी विचारलंय. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, तरी स्वतःच्या वकिलाशी बोलल्याशिवाय काही खरेदी करू नका. आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांना लागणारच, जन्म 1 जानेवारी 1973 किंवा नंतरचा असेल तर.

ठासणीच्या सीझनला तीन संध्याकाळी बसलो. माझी ठासणीची बंदूक आधुनिक आहे, आजोबांच्या केपाच्या बंदुकीशी तिचं फक्त नावापुरतं नातं, पण दारू मोजून नळीत घालताना आणि गजाने गोळी ठासताना आत कुठेतरी बरं वाटतं. खिशात यंदा सुपारीची डबी आणि छोटा अडकित्ता ठेवला. शेवटच्या संध्याकाळी एक मोठी मादी आली, 60 यार्ड, पुन्हा तशीच तिरकी, छाती माझ्याकडे. मी नेम धरून तिच्या वळण्याची वाट बघत राहिलो. ती वळली नाही, तशीच ओकच्या मागे गेली आणि अंधार झाला. डबी उघडायची वेळ आली नाही.

जानेवारीत दोन वेळा नुसता फिरायला जाऊन आलो, आणि खरं सांगतो, या दोन फेऱ्यांत मला जमिनीबद्दल जे कळलं ते तीन सीझन मचाणावर बसून कळलं नव्हतं. पातळ बर्फ होता. दक्षिणेकडच्या उतारावर, वरून एक तृतीयांश खाली, पाच बसक्या, म्हणजे हरणांच्या बसायच्या जागा, सापडल्या, अंडाकृती, बर्फ वितळून खालची पानं दिसणाऱ्या, तीन मोठ्या दोन लहान. डॉगवूड नावाच्या झुडपाच्या फांद्या सगळ्या कुरतडलेल्या. जवळ जाऊन बघा, हरणाला वरचे पुढचे दात नसतात त्यामुळे फांदीचं टोक दोऱ्यासारखं पिंजलेलं राहतं, सशाने खाल्लं तर सुरीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ. गळून पडलेलं शिंग एकही मिळालं नाही, मार्चमध्ये पुन्हा बघेन.

यावरून कळलं की मचाणाची जागाच चुकली आहे. संध्याकाळी हवा गार होऊन उतारावरून ओढ्याकडे वाहते आणि माझा वास नेमका त्यांच्या येण्याच्या वाटेवर पडतो. बुधवारी वारा होता म्हणून ती आली. आता मचाण साठ पावलं पूर्वेला न्यायचं आहे, बाजूच्या छोट्या घळीच्या डोक्याशी, म्हणजे वास त्या घळीत उतरेल. बाबांनी होकार दिलाय, बर्फ गेला की एप्रिलमध्ये करू. दोन फांद्या छाटायच्या आहेत आणि एक रिकामी बाटली खिळ्याला टांगायची आहे 40 यार्डांवर, अंतराच्या खुणेसाठी.

कॅमेऱ्याचं कार्ड काल बघितलं. 12 जानेवारी, सकाळी 6:52, ओढ्याच्या पलीकडे. तीन माद्या पुढे, आणि मागे एक पाडस, डोक्यावर शिंगांच्या जागी दोन छोट्या गाठी, डाव्या कानाचं टोक फाटलेलं. तोंडात डॉगवूडची फांदी होती.